कराडचे आठ, रेडिंगचे अडीच

पत्र

माझी आई कराडला असते. वय ६८. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. गेल्या वर्षी ऑक्टोबरात ती आमच्याकडे रेडिंगला आली, सहा महिन्यांसाठी, आणि अडीच महिन्यांत परत गेली. कारण विचारलं तर "करमत नाही" एवढंच. एकदा मात्र म्हणाली, "तुझ्याकडं दुपारीच रात्र होते, आणि मग ती संपतच नाही."

कराडला आई आणि काकू, म्हणजे तिची धाकटी जाऊ, रोज संध्याकाळी सात ते साडेआठ एकत्र मालिका बघतात. काकू वरच्या मजल्यावर राहते, साडेसहालाच खाली येते. इथे मी चुलतभावाचं लॉगिन घेऊन, लॅपटॉपवर व्हीपीएन (आपण भारतातच आहोत असं भासवणारं सॉफ्टवेअर) टाकून, तो टीव्हीला जोडून द्यायचो. चाललं तर चाललं. मध्येच "हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं यायचं. मी साडेसहाला घरी येईपर्यंत आई तशीच बसलेली असायची. मला फोन करायची नाही, "तू कामात असतोस" म्हणायची.

आता नोव्हेंबरात आम्हाला दुसरं बाळ होणार आहे आणि आई यायला तयार झाली आहे. परवा फोनवर हळूच विचारलं, "आता तिथं माझ्या मालिका दिसतात का रे?" ऑफिसमधला एक मित्र ८० पौंडांत टीव्हीला जोडायचा एक डबा देतो आहे. सगळ्या भारतीय वाहिन्या, कायमच्या. बायको म्हणते असलं काही घरात नको. तिची आणखी एक तक्रार आहे. गेल्या वर्षी रात्री जेवताना मालिका चालू असायच्या आणि आमची सहा वर्षांची मुलगी घास तोंडात धरून ती भांडणं बघत बसायची. बायकोचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. खरं तर मलाही वाटतं, एवढ्या लांब येऊन आईने मालिकाच बघायच्या का?

डबा घेऊ का? व्हीपीएन बेकायदा आहे का? आणि आईची ही सवय सोडवता येईल का?

— एक मुलगा, रेडिंग, इंग्लंड


उत्तर

डबा घेऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण तो मित्र चार दिवसांत पुन्हा विचारणार.

८० पौंडांत सगळ्या वाहिन्या कायमच्या देणाऱ्याने त्या वाहिन्यांना एक पैसाही दिलेला नसतो. तो चोरलेला प्रवाह असतो. आज आहे, उद्या बंद झाला तर दाद मागायला जागा नाही. पण त्याहून वाईट गोष्ट डब्याच्या आत असते. असल्या स्वस्त, नाव नसलेल्या अँड्रॉइड डब्यांमध्ये कारखान्यातूनच घुसवलेलं एक घातक सॉफ्टवेअर सापडलं, त्याला 'बॅडबॉक्स' असं नाव पडलं. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने त्यांच्या देशातल्या अशा तब्बल ३०,००० उपकरणांचा ती दुरून चालवणाऱ्या भामट्यांशी असलेला संपर्क तोडला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याच प्रकाराच्या नव्या लाटेबद्दल लोकांना सावध केलं. हा डबा तुमच्या घरच्या वायफायवर बसतो आणि कुणीतरी परका माणूस तुमच्या इंटरनेट जोडणीच्या आडून आपले उद्योग करतो. ज्या वायफायवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, ऑफिसचं काम करता, त्यावर. तुमच्या बायकोने हे कदाचित इतकं उलगडून सांगितलं नसेल, पण त्यांचं मन बरोबर सांगत होतं.

व्हीपीएनचं उत्तर जरा लांब आहे. ब्रिटनमध्ये व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. मालिका दाखवणाऱ्या ज्या ओटीटीवर तुम्ही ते वापरता, तिच्या अटी मात्र त्याने मोडतात आणि खातं बंद करण्याचा हक्क तिला असतो. हे खातं तर तुमच्या चुलतभावाचं! (आखातातल्या वाचकांना इथेच सांगून ठेवते, तुमच्याकडे गोष्ट वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला ठावठिकाणा, बदलला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. तिथे "सगळेच करतात" यावर विसंबू नका.)

ते मध्येच का बंद पडतं हेही समजून घ्या, म्हणजे त्यात पुन्हा पैसे घालावेसे वाटणार नाहीत. तुमच्या ब्रॉडबँडला जो आयपी पत्ता मिळतो त्यावरून तुम्ही ब्रिटनमध्ये आहात हे ओटीटीला कळतं. व्हीपीएन मधे एक भारतातला पत्ता उभा करतं. पण त्या एका पत्त्यामागे शेकडो लोक असतात, ओटीटीवाल्यांना तो ओळखू येतो आणि ते तो अडवतात. मग व्हीपीएनवाले नवा पत्ता आणतात. हा शिवाशिवीचा खेळ आहे आणि तो तुमच्या आईच्या मालिकेच्या ऐन मध्यात खेळला जातो. त्यात एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायचा आदेश दिला, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले. आता त्या जो "भारत" दाखवतात तो सिंगापूर किंवा लंडनमधल्या यंत्रावर असतो.

पण समजा, व्हीपीएन उत्तम चाललं असतं. तरीही मी नको म्हटलं असतं. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. "मी साडेसहाला घरी येईपर्यंत आई तशीच बसलेली असायची."

कराडच्या घरात त्या स्वतः उठून टीव्ही लावतात. कुणाला विचारत नाहीत. ज्या बाईने घर चालवलं, मुलं शिकवली, नवरा गेल्यावर एकटीने दार लावून झोपायची सवय केली, ती तुमच्याकडे येऊन काळ्या पडद्यासमोर, मुलगा घरी येईपर्यंत, हातावर हात ठेवून बसते. डिसेंबरात रेडिंगला चारच्या आधी सूर्य मावळतो. म्हणजे अंधारात अडीच तास. गेल्या वर्षी त्या अडीच महिन्यांत परत गेल्या ते मालिका चुकल्या म्हणून गेल्या असं मला वाटत नाही. साधी टीव्ही लावण्याचीसुद्धा सत्ता हातात उरली नाही म्हणून गेल्या.

म्हणून यंदा जे काही कराल ते तीन गोष्टींवर घासून बघा. ते आईंना एकटीला, कुणालाही न विचारता लावता येतं का? ते काकू बघतात त्याच वेळी बघता येतं का? आणि बघून झाल्यावर, किंवा बघता बघता, काकूंशी बोलता येतं का? व्हीपीएन पहिल्याच कसोटीला पडतं.

आता सरळ रस्ता. मराठी वाहिन्यांना परदेशातला प्रेक्षक हवाच असतो, त्यामुळे मालिकांच्या बाबतीत तो रस्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा मोकळा आहे. अडचण येते ती क्रिकेट आणि सिनेमांची. त्यांचे हक्क देशागणिक वेगळ्या कंपन्यांना विकलेले असतात. मालिका बहुतेक वेळा वाहिनीच्या स्वतःच्या मालकीची असते, ती कुठे दाखवायची हे तीच ठरवते. झी५ २०१८ पासून परदेशात आहे, त्यावर झी मराठीच्या मालिका असतात. हॉटस्टार त्याच वर्षी ब्रिटनमध्ये आलं. स्टार प्रवाह त्याच घरातली वाहिनी. तेव्हा आईंना आधी नावं विचारा. "मालिका दिसतील" असं मोघम नको, नेमक्या कोणत्या तीन? मग ज्या वाहिनीच्या त्या असतील तिची ब्रिटनमधली वर्गणी बघा. भारतात एका ॲपवर जे दिसतं ते ब्रिटनमध्ये त्याच ॲपवर असेल असं धरून चालू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले तेव्हापासून कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह भारतात एकाच ॲपवर आल्या, परदेशात यादी वेगळी असू शकते. आधी एका महिन्याचीच वर्गणी भरा आणि आई यायच्या आधी आठवडाभर रोज ती मालिका स्वतः लावून बघा. शिवाय त्या ॲपवर वाहिनी थेट दिसते की नुसते भाग नंतर चढतात, हे नक्की बघून घ्या. ते का, हे पुढे येतंय.

आईंचं भारतातलं खातं किंवा चुलतभावाचं लॉगिन यात आणू नका. भारतात भरलेली वर्गणी सहसा भारतापुरतीच असते, आणि लॉगिनचा ओटीपी भारतातल्या फोनवर जातो. तुमचा चुलतभाऊ गाडी चालवत असताना तुम्ही त्याला ओटीपी विचारताय हे चित्र मला चांगलं माहीत आहे. तुमच्या नावाचं, तुमच्या ब्रिटनच्या कार्डावरचं, ब्रिटनच्या फोन नंबरवरचं खातं काढा. ओटीपीवरून आठवलं, आईंच्या भारतातल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग त्या कराडला असतानाच सुरू करून घ्या आणि सहा महिने पुरेल असं रिचार्ज करा. हे मालिकांसाठी नाही, त्यांच्या बँकेसाठी. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरात नसलं आणि त्यात पैसेही नसले, तर ते बंद होऊ शकतं. पेन्शनचं खातं त्या नंबरला जोडलेलं असेल तर मग धावाधाव होते.

लॅपटॉप टीव्हीला जोडायचं बंद करा. टीव्हीच्या मागे लावायची स्टिक कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते, नावाजलेल्या कंपनीची घ्या. तिच्या पहिल्याच पानावर आईंची दोन-तीन ॲप ठेवा, बाकी सगळी मागे ढकला. मग एक कागद घ्या आणि मोठ्या मराठी अक्षरात लिहा: आधी हे बटण, मग हे, अडकलं तर घराचं चित्र असलेलं बटण, की पुन्हा पहिल्यापासून. तो कागद टीव्हीखाली चिकटवा. आई आल्यावर पहिल्या रविवारी तुम्ही लावून दाखवू नका. रिमोट त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. चुकू द्या. चार वेळा चुकतील, पाचव्यांदा लावतील. नातीला मदतनीस नेमलंत तर आणखी बरं, सहा वर्षांच्या मुलीला आजीला काही शिकवायला मिळालं की ती सोडत नाही.

यूट्यूबही ठेवा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तिथे आहे, बऱ्याच मराठी वृत्तवाहिन्याही थेट दिसतात. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर हे ॲप त्यांच्या फोनवर टाकून द्या. आळीव भिजवताना, बाळाची दुपटी घडी करताना स्वयंपाकघरात मराठी बोलणारा आवाज असला की घर कमी परकं वाटतं. तुमच्या घरात दिवसभर मराठी किती बोललं जातं हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण मुलगी सहा वर्षांची आहे आणि शाळेत जाते, म्हणजे अंदाज करता येतो.

एक गोष्ट ब्रिटनमधल्या आपल्या बहुतेक कुटुंबांना माहीत नसते, ती ठासून सांगते. टीव्ही लायसन्स. "आम्ही बीबीसी बघत नाही, म्हणून घेतलेलं नाही" असं मी कितीतरी घरांत ऐकलंय. नियम तसा नाही. कोणतीही वाहिनी, अगदी परदेशातलीसुद्धा, ती ज्या वेळी दाखवली जाते त्याच वेळी थेट बघायची असेल, तर घराला लायसन्स लागतं. टीव्ही, फोन, यूट्यूब, कशावरही. यूट्यूबवर सह्याद्री थेट लावली तरी लागतं. भाग नंतर सवडीने ओटीटीवर बघितला तर लागत नाही. त्याला अपवाद फक्त आयप्लेअर या बीबीसीच्या ओटीटीचा. एप्रिल २०२५ पासूनचं वर्षाचं शुल्क १७४.५० पौंड होतं, ते एप्रिलमध्ये बदलत असतं, तेव्हा भरताना ताजा आकडा बघा. हप्त्यांनी भरता येतं. लायसन्स नसताना पकडलं गेलं तर दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे खर्च वाढला हे खरं. तरी मी म्हणेन, ते घ्या आणि आईंना मालिका थेट बघू द्या.

का, ते घड्याळ सांगेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हापासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत तुमच्यापुढे साडेपाच तास असतो. कराडला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा रेडिंगला दुपारचा दीड. कराडचे साडेआठ म्हणजे रेडिंगचे तीन. आई येतात ते नेमके हेच महिने. दीड ते तीन! तुम्ही ऑफिसात, मुलगी शाळेत, बाळ आणि बाळंतीण दुपारचं झोपलेले. तीनला टीव्ही बंद, नात शाळेतून यायच्या आत. रात्रीच्या जेवणाला मालिका नाही, मुलीच्या घासात भांडण नाही, बायकोची तक्रार नाही. गेल्या वर्षी जो तंटा झाला तो मालिकांमुळे झालाच नव्हता. तुम्ही साडेसहाला येऊन लॅपटॉप जोडायचात, म्हणून आईंची दुपार रात्रीच्या जेवणावर येऊन पडायची. तुम्ही त्यांची मालिका पाच तास उशिरा नेऊन ठेवली होती.

आणि त्याच घटकेला कराडला काकू तेच बघत असतात. जाहिराती लागल्या की व्हॉट्सॲपवर फोन. "बघितलंस का काय बोलली ती?" तुम्हाला हे फुकटचं वाटेल. या दोघींनी किती वर्षं एका घरात काढलीत याचा हिशेब करा. जावा-जावांना एकमेकींशी सरळ बोलता न येणाऱ्या पुष्कळ गोष्टी असतात. मालिकेतली सासू वाईट वागते तेव्हा त्या दोघी आपल्या सासूबद्दल बोलत असतात. मालिकेतला नवरा मरतो तेव्हा तुमच्या बाबांबद्दल बोलत असतात. चार वर्षं त्या जागी काकू रोज साडेसहाला जिना उतरून येतायत, त्या मालिकेसाठी येतायत असं तुम्हाला खरंच वाटतं का?

थेट वाहिनी मिळालीच नाही तर दुसरी सोय करा. आदल्या रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी काकूंनी पुनःप्रक्षेपणात बघायचा आणि आईंनी त्याच वेळी ओटीटीवर. वेळ दोघींनी मिळून ठरवायची. वेळ एक हवी, एवढंच. मार्चच्या शेवटी घड्याळं पुढे जातील, अंतर साडेचार तासांवर येईल आणि शेवटच्या दोन मालिका नातीच्या यायच्या वेळेवर आदळतील. त्याचं तेव्हा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला आई स्वतःच तयार होतील.

आता तुमचा तिसरा प्रश्न. सवय सोडवता येईल का.

१९९० च्या दशकात माझी आई माझ्याकडे लेस्टरला आली होती. तेव्हा इथे मराठीत ऐकायला टेलिफोनच काय तो होता, आणि तोही मिनिटाला पैसे मोजून. माझ्या भाच्याने मुंबई दूरदर्शनवरून एक नाटक व्हिडिओ कॅसेटवर उतरवून पाठवलं. भारत आणि ब्रिटन दोघांकडे टीव्हीच्या चित्राची पाल नावाची एकच पद्धत, त्यामुळे ती कॅसेट आमच्या यंत्रावर सुरळीत चालली. तीच माझ्या अमेरिकेतल्या चुलतबहिणीकडे चालली नसती, तिथे एनटीएससी ही वेगळी पद्धत. (पुढे डीव्हीडी आल्या, त्यांवरही मुलखाचे आकडे असायचे. अमेरिका १, युरोप २, भारत ५. परमुलखातून घरचं काही बघायचं तर वाटेत कुंपण असणारच, हे काही इंटरनेटने आणलं नाही.) भाच्याने कॅसेट जरा लवकर चालू केली होती, त्यामुळे नाटकाच्या आधी बातम्यांचा शेवट आला होता. हवामानाचा अंदाज. मी तो भाग पुढे पळवायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे." कोकण आणि गोव्यात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस. दीड महिन्यापूर्वीचा पाऊस तो. ती कॅसेट तिने सहा महिन्यांत कितीदा बघितली असेल कोण जाणे, आणि दर वेळी हवामानापासून. मी तेव्हा नोकरी, घर, दोन लहान मुलं यांत गुंतलेली. मला वाटायचं, ही काय एकच कॅसेट लावून बसते, जरा बाहेर का पडत नाही. मी एकदा ते बोललेही. त्या दिवसापासून तिने माझ्यासमोर कॅसेट लावली नाही. मी कामावर गेल्यावर लावायची. ते मला नंतर शेजारणीकडून कळलं.

तुम्ही ते बोलू नका.

मालिका चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. पुष्कळशा मलाही बघवत नाहीत. बाईला रडवल्याशिवाय त्यांचा आठवडा पुरा होत नाही. पण तुमच्या आई रेडिंगला हवापालटासाठी येत नाहीयेत, बाळंतपण करायला येताहेत. बाळाला न्हाऊ घालणं, तेल लावणं, डिंकाचे लाडू, बाळंतिणीचं शेगडीवरचं गरम पाणी, रात्री तीनला बाळ रडलं तर उठणं, आणि थोरलीला मधल्या मधे विसरलं जाणार नाही हे बघणं. ६८ व्या वर्षी. दिवसातले दीड तास त्यांनी काय बघावं हे तुम्ही ठरवू नये असं मला वाटतं.

बाहेर पडण्याचं म्हणाल तर त्याला माणूस लागतो, रस्ता नाही. हिवाळ्यात अनोळखी गावात एकटीने फिरायला जा असं सांगणं सोपं आहे. नातीला शाळेतून आणायला जाणं ही मात्र जायला कारण असलेली वाट आहे. पहिले आठ दिवस कुणीतरी बरोबर चला, मग जमेल. बाळ जरा मोठं झालं की एखाद्या रविवारी लंडनच्या महाराष्ट्र मंडळात घेऊन जा. १९३२ साली स्थापन झालेलं आहे, डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. रेडिंगहून एलिझाबेथ लाइनने बाँड स्ट्रीटला यायचं आणि तिथून ज्युबिली लाइन. त्यांच्या वयाच्या बायका भेटतील. आणि त्या काय बोलत असतील सांगू? मालिकांबद्दल. चालू द्या.

तुमच्या बायकोशी हे वेळापत्रक मांडून बोला, आई यायच्या आधीच. दीड ते तीन हा वेळ आईंचा, जेवणाच्या टेबलाशी टीव्ही बंद, हे तुम्ही दोघांनी ठरवून आईंना सांगितलंत तर त्यांनाही मोकळं वाटेल. गेल्या वर्षी सुनेच्या कपाळावरची आठी त्यांना दिसली नसेल असं समजू नका. आणि हे सांगायचं काम तुमचं आहे. सुनेच्या तोंडून आलं तर त्याचा अर्थ वेगळा लागतो, हे तुम्ही जाणताच.

टीव्हीच्या वर भिंतीवर एक दुसरं घड्याळ लावा, कराडच्या वेळेचं. साधं, पाच-सहा पौंडांचं चालेल.

आणि या आठवड्यात एक फोन काकूंना करा. आईंच्या नकळत. कोणत्या मालिका, कोणती वाहिनी, किती वाजता, हे तुम्हाला आईंपेक्षा त्या बिनचूक सांगतील, कारण आई "काही का असेना, तू त्रास घेऊ नकोस" म्हणतील. त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ नीट चालतो का तेही बघायला चुलतभावाला सांगा. नोव्हेंबरपासून कराडला साडेसहा वाजता जिना उतरून कुठे जायचं, हा प्रश्न त्यांनाही पडलेला असेल.